कॉटखालचं दूध

१

दुधाचे डबे वहिनीच्या कॉटखाली सापडले, तेव्हा वहिनी खानावळीत न्याहारीची पातेली विसळत होती. व्यवस्थापकांनी कॉटखालून पोतं ओढून काढलं, तोंड सोडलं, तसे चकचकीत पत्र्याचे डबे फरशीवर गडगडत गेले. एक तर थेट मेट्रनबाईंच्या बुटाला जाऊन टेकला.

"हे काय?" मेट्रनबाईंनी विचारलं.

"दूध," व्यवस्थापक म्हणाले. "काल कोठारातून गेलेलं."

परिचारिकांच्या त्या वसतिगृहात वहिनी, सगळ्यांचीच वहिनी, कितीतरी वर्षं कोठार आणि चूल दोन्ही सांभाळत होती. नवरा गेल्यापासून खानावळीमागच्या दोन खोल्या हेच तिचं घर. उद्या वसतिगृहाचा वर्धापनदिन, आणि त्याच्या तयारीसाठी ठेवलेल्या डब्याच्या दुधाची तीन खोकी काल नाहीशी झाली होती. कोठाराचं कुलूप शाबूत होतं आणि किल्ली वहिनीच्या कमरेला होती. आज सकाळी व्यवस्थापकांना निनावी फोन आला की कॉटखाली बघा, आणि त्यांनी बघितलं.

मेट्रनबाई पोतं घेऊन तडक भोजनगृहात आल्या. मुली ताटं उचलत होत्या. सगळ्यांच्या देखत त्या वहिनीला म्हणाल्या, "आम्ही चोराच्या हातचं जेवत होतो तर! संध्याकाळच्या जेवणाआधी खोल्या रिकाम्या करायच्या. पोलिसांत देत नाही, ही मेहरबानी समजा."

वहिनी रडली नाही, ओरडलीही नाही. तिने हात पुसले आणि म्हणाली, "मला एक फोन करू द्या."

संकट आलं की बायका माहेरी फोन करतात. वहिनीने नणंदेला केला.

२

नणंद म्हणजे वसतिगृहातल्या सगळ्यांची आत्या. वहिनीची मुलं तिला आत्या म्हणायची, म्हणून मुलीही म्हणायला लागल्या, आणि बघता बघता पहारेकरीसुद्धा म्हणू लागला. सरकारी अन्न-तपासणीत तिचा जन्म गेला होता. भल्याभल्या कारखानदारांना तिच्या नाकाने घाम फोडला होता. देह ऐसपैस, आवाज त्याहून ऐसपैस, आणि अंगात मधुमेह.

"नणंद-भावजयीचं पटत नाही म्हणतात," दारातूनच ती म्हणाली. "आपलं पटतं की नाही ते संध्याकाळी ठरवू. आधी मला तो माल दाखव."

"वन्सं, मी खरंच..."

"तू चोरी केली असतीस तर कॉटखाली ठेवली असतीस का गं? तुझ्या कॉटखाली माझ्या भावाची ट्रंक आहे. तिच्या आसपास तू उंदीरसुद्धा फिरकू देत नाहीस."

वहिनीच्या तोंडावर सकाळपासून पहिल्यांदा हसू आलं. आत्याला ते बघून बरं वाटलं आणि आतून रागही आला. या बाईने दादाच्या आजारपणात रात्रंदिवस केलं होतं, कधी एका शब्दाने बोलून दाखवलं नव्हतं. तिला उतारवयात पोतं-पिशव्या बांधायला लावतात म्हणजे काय!

पोत्यातले डबे टेबलावर मांडले होते. वसतिगृहाला येणारे मोठे डबे कोरे असत. कागद नाही, चित्र नाही. आत काय आहे ते फक्त खोक्यावर लिहिलेलं, आणि इथे खोकी नव्हतीच. आत्याने एकेक डबा कानाशी धरून हलवला. काही डबे डुबुक डुबुक वाजले, काही दगडासारखे गप्प बसले.

"नाहीशी झालेली खोकी कोणती होती?"

"दोन गोड, एक फिकं," वहिनी म्हणाली. खानावळीत कंडेन्स्ड दुधाला गोड डबा म्हणत आणि इव्हॅपोरेटेडला फिका. "गोडाचं पुडिंग करणार होते. फिकं सूपात आणि चहात."

आत्याने डबे दोन रांगांत लावले. गप्प डबे बरोबर दुप्पट निघाले.

"बेमालूम काम आहे," ती पुटपुटली. "काल तुझ्या खोलीत कोण कोण येऊन गेलं?"

वहिनीच्या खोलीला नुसती कडी होती. व्यवस्थापक छताची गळती बघायला आले होते. हाताखालची स्वयंपाकीण चाळणी मागायला आली होती. आणि माल पुरवणारे शेठ नव्या वर्षाचं कॅलेंडर भिंतीला लावून गेले होते. वहिनी तिन्ही वेळा चुलीपाशी होती, म्हणजे तिघांनाही खोली रिकामी मिळाली होती.

"आणि कोठार?"

"सकाळभर उघडंच असतं. माल येतो, रिकामी पोती परत जातात. मी किती ठिकाणी बघू?"

"तिघंच ना? मग जेवणाआधी उरकतं," आत्या म्हणाली. पण घड्याळाकडे बघून तिने पदर खोचला.

३

व्यवस्थापक टापटीप माणूस. टेबलावर पेन्सिली उंचीप्रमाणे लावलेल्या. त्यांनी आत्यापुढे चहाचा कप सरकवला आणि स्वतःच्या कपात साखर घातली, एक घोट घेतला, आणि तोंड वेंगाडलं.

"पाक झाला! तुमच्या भावजयीच्या चहाचं हे असं असतं. कधी साखर घातली तर पाक, कधी नाही घातली तर अगदी बेचव."

"कधी गोड डबा असतो, कधी फिका," आत्या म्हणाली.

"दूध ते दूध! डब्यातलं. त्यात गोड-फिकं काय?"

आत्याने कपाळावर हात मारला नाही, एवढाच संयम. "अहो, दोन्ही दुधांतलं पाणी आटवलेलंच असतं. पण एकात साखर ठासून भरतात. ती साखरच त्याला नासू देत नाही, म्हणून ते मधासारखं घट्ट असतं आणि उघडलं तरी काही दिवस टिकतं. दुसऱ्यात साखर नसते, म्हणून डबा बंद करून डब्यासकट तापवतात. ते पातळ असतं, आणि उघडून उन्हाळ्यात बाहेर ठेवलं तर दुसऱ्या दिवशी नाक मुरडायची पाळी येते. ओट्यावर पुठ्ठ्याच्या खोक्यातलं असतं ते तिसरं. ते आटवलेलं नसतंच, नुसतं कडकडीत तापवून भरलेलं."

"मी मेट्रनबाईंना दिलेल्या तक्रारीत 'दुधाची खोकी' एवढंच लिहिलंय," व्यवस्थापक जरा खजील होऊन म्हणाले. "चुकलं का?"

"नाही हो. फार बरं केलंत," आत्या म्हणाली आणि उठली.

हाताखालची स्वयंपाकीण ओट्यावर कांदे चिरत होती. जीभ अशी की मुली तिला तिखटबाई म्हणत, आणि तिला ते माहीत होतं, आवडतही होतं. वहिनीची जागा रिकामी झाली तर ती हिलाच मिळणार, हे भिंतींनाही ठाऊक होतं.

"विचारा," ती सुरी न थांबवता म्हणाली. "मला ती जागा हवी आहे का? हवी आहे. मी लबाड नाही, खोटं कशाला बोलू? या कोठारात माझी कंबर गेली. महिना उजाडला की तुमच्या वहिनींचं फर्मान, खोकी उलटी करा! जड जड खोकी, वरचं खाली, खालचं वर. आणि उलटं केलं की खडूची रेघ मारा. कुठल्या जन्माची हौस ही? वर पुन्हा बोलणी आम्हीच खायची. मागच्या आठवड्यात फिक्या डब्याचा चहा केला, तर वर तेलाचे डोळे! तुमच्या वहिनी सुट्टीवर. शेठना फोन करून मीच झापलं. म्हटलं, बाईंच्या नणंदेकडे एक डबा पाठवते, मग बघा. तेव्हा कुठे नरमले. म्हणाले, बघतो. अजून बघताहेत!"

"वहिनीला सांगितलंस?"

"सांगणार होते. त्याआधी हा तमाशा झाला." तिखटबाईने डोळे पुसले. कांद्याने की कशाने, ते आत्याने विचारलं नाही.

४

शेठ स्वतःच आले. वर्धापनदिनाची साखर पोचवायची होती. गोल चेहरा, गोड जीभ, बोटात अंगठ्या. वहिनीचं नाव निघताच त्यांनी च्च् च्च् केलं.

"मोहाचा एक क्षण असतो बघा, आत्याबाई. माणूस वाईट नसतो."

"तुमचा माल फार जुना आहे का हो?" आत्याने भाबडेपणाने विचारलं. "मला बाई डबा बघून काही कळत नाही."

शेठ हसले. टेबलावरचा एक डबा उचलून कानाशी धरला, किंचित हलवला. "गोड." दुसरा उचलला. "फिका. डोळे मिटून सांगतो. बापजाद्यांचा धंदा आहे. आणि माझ्या गोदामात या, एक डबा चेपलेला दाखवा. खोकं एकदा रचलं की विकेपर्यंत कोणी बोट लावत नाही."

"वा! शिस्त म्हणायची," आत्या म्हणाली. "मेट्रनबाई दुपारी आम्हाला भेटणार आहेत. तुम्हीही थांबा ना. साक्षीला जाणकार माणूस बरा."

शेठ खुशीने थांबले.

ते बाहेर गेल्यावर आत्याने वहिनीला दार लावायला सांगितलं. पोत्यातला एक गोड डबा आणि एक फिका, असे दोन तिने अलगद, न हलवता उघडले. मग कोठारात शिल्लक असलेल्या जुन्या खोक्यांतून तसलेच दोन आणून उघडले. चारही डब्यांत चमचा घातला. गोडाच्या दोन्ही डब्यांतलं बोटाच्या टोकाएवढं चाटून बघितलं.

"वन्सं! डॉक्टरांनी गोड बंद केलंय ना?"

"हे गोड नाही, हा पुरावा आहे," आत्या म्हणाली. आणि मग खुर्चीत मागे रेलून ती अशी खदाखदा हसली की वहिनी घाबरली.

"वहिनी, अगं हे दूध चोरीचं नाहीच!"

५

दुपारी भोजनगृहाच्या एका टोकाला मेट्रनबाई बसल्या. शेजारी व्यवस्थापक, समोर शेठ. ओट्यापाशी वहिनी आणि तिखटबाई उभ्या होत्या. चार उघडे डबे मध्ये ठेवलेले.

"कोठारात होतं तसलंच दूध कॉटखाली सापडलं," मेट्रनबाई म्हणाल्या. "यात तपास कसला?"

"तसलंच, पण तेच नाही," आत्या म्हणाली. "हा कोठारातला गोड डबा. चमचा तळापर्यंत घाला."

मेट्रनबाईंनी चमचा घातला. दूध तळापर्यंत एकसारखं मऊ होतं.

"आता हा कॉटखालचा."

चमचा खाली गेला आणि किर्र वाजला. तळाशी वाळूसारखा रवाळ थर बसला होता. चमच्याने खरवडावा लागत होता.

"दुधातली साखर महिनोन्‌महिने एका जागी बसली की अशी खाली उतरते. आणि हे फिके बघा. कोठारातला एकजीव आहे. कॉटखालच्याच्या झाकणाखाली सायीचा घट्ट गोळा आलाय, कारण साय वर चढते. म्हणजे हे डबे कित्येक महिने जसे ठेवले तसे उभे होते. आणि आमच्या वहिनीच्या कोठारात एकही खोकं महिन्याच्या वर एका कुशीवर झोपत नाही. ती उलटी करून ठेवते. का, ते आता तुम्हाला कळलं."

"ती म्हणते उलटी करते!" शेठ म्हणाले. "भावजयीसाठी नणंद काय वाटेल ते बोलेल. कशावरून करते?"

आत्याने मान वळवली. आता सगळं एका बाईच्या जिभेवर होतं, आणि त्या बाईला वहिनीची जागा हवी होती.

तिखटबाईने सुरी खाली ठेवली.

"माझ्या कंबरेवरून," ती म्हणाली. "दर महिन्याला मी करते, त्या उभ्या राहून करून घेतात. ती तीन खोकीही आम्ही उलटी केली होती. मी त्यांच्या नावाने रोज बोटं मोडते, मेट्रनबाई. पण चोर म्हणायचं असेल तर आधी मला म्हणा."

वहिनीने तिच्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत दोघींनी एकमेकींना बरं म्हटलं नव्हतं, आणि आत्ताही नाही म्हटलं. वहिनीने फक्त तिचा हात धरला.

६

"मग हे डबे आले कुठून?" मेट्रनबाईंचा आवाज उतरला होता.

"तोच तर प्रश्न," आत्या आता रंगात आली. "चोराकडे चोरीचे डबे होते ना? मग तेच कॉटखाली टाकायचे. फुकटात काम झालं असतं. त्याने दुसरे, चांगले डबे का खर्ची घातले? कारण एकच. चोरीचे डबे कोणी उघडून बघितलेले त्याला परवडणार नव्हते. मागच्या आठवड्यात फिक्या डब्याच्या चहावर तेल तरंगलं होतं. त्यात दूध कमी आणि वनस्पती तेल जास्त होतं. तेल घातलेलं स्वस्त दूध बाजारात मिळतं, उघडपणे तसं सांगून विकलं तर गुन्हाही नाही. पण दुधाच्या नावाखाली विकलं तर लबाडी."

व्यवस्थापकांनी समोरचा चहाचा कप हळूच दूर सरकवला.

"आता माणूस बघू. ज्याने हे केलं त्याला नाहीशा झालेल्या मालात गोड किती, फिकं किती ते ठाऊक होतं, आणि कोऱ्या डब्यांतून तो ते निवडू शकत होता. आमचे व्यवस्थापक यातून सुटले. यांच्या लेखी दूध ते दूध."

"सुटलो," व्यवस्थापक मनापासून म्हणाले.

"त्याला डबे ओळखता येत होते, पण इथे खोकी उलटी करतात हे मात्र ठाऊक नव्हतं. ही बाई यातून सुटली. तिला ते झोपेतही ठाऊक आहे. राहिलं कोण? डबा कानाशी धरून डोळे मिटून ओळखणारा. ज्याच्या गोदामात खोक्याला विकेपर्यंत कोणी बोट लावत नाही. तेलाच्या डब्याची तक्रार ज्याच्याकडे गेली होती, आणि तसला एक डबा माझ्याकडे येणार हे ज्याला ऐकवलं होतं. जो कॅलेंडर लावायच्या निमित्ताने वहिनीच्या रिकाम्या खोलीत शिरला. ज्याची माणसं काल सकाळी कोठारातून रिकामी पोती घेऊन गेली. शेठ, त्या पोत्यांखाली काय होतं?"

शेठचा गोल चेहरा एकदम लांबट दिसायला लागला. "अब्रूनुकसानीचा दावा लावीन! पुरावा काय?"

"गोदाम दोन गल्ल्या सोडून आहे. किल्ली द्या."

"नाही देणार."

"नका देऊ," मेट्रनबाई शांतपणे म्हणाल्या आणि फोन जवळ ओढला. "पोलीस मागतील त्यांना द्या."

अंगठ्यांचा हात खिशात गेला. व्यवस्थापक किल्ली घेऊन पहारेकऱ्यासह गेले आणि हातगाडीवर तीन खोकी घालून धावतपळत परतले. त्यांच्या केसांचा भांगसुद्धा मोडला होता. खोक्यांच्या कडेला खडूच्या रेघा होत्या. "माझ्या!" तिखटबाई ओरडली. आत्याने त्यातला एक फिका डबा फोडून पातेलीत तापवला. थोड्याच वेळात वर पिवळे तेलाचे डोळे तरंगायला लागले, आणि शेठनी मान खाली घातली.

"गिऱ्हाईक मोठं होतं," ते पुटपुटले. "वाटलं, डब्यात कोण बघतंय."

"बघणारीलाच घालवायला निघाला होतात," आत्या म्हणाली. मेट्रनबाईंनी पोलिसांचा नंबर फिरवला.

७

पोलीस शेठना घेऊन गेल्यावर मेट्रनबाई वहिनीकडे वळल्या. मघाच्या उरलेल्या चहाइतक्याच त्या गार पडल्या होत्या. "खोल्या तुमच्याच. खानावळीची मुख्य म्हणून उद्यापासून तुमची नेमणूक. माझी चूक झाली. मी तुम्हाला तसं पत्र देते."

आत्याला वाटलं, झालं, जिंकलो. पण वहिनी जागची हलली नाही.

"पत्र नको, बाई," ती म्हणाली. आवाज कापत होता, पण शब्द नाही. "चोर म्हणालात ते पत्रातून नाही म्हणालात. इथे म्हणालात. सगळ्या मुलींसमोर."

आत्याने वहिनीकडे वळून बघितलं. दादा हिच्यापुढे कधी का बोलत नसे, ते तिला आज कळलं.

संध्याकाळी जेवणाची घंटा झाली. सगळं भोजनगृह भरलं. सकाळची बातमी सगळ्यांपर्यंत पोचली होती आणि दुपारची अर्ध्यामुर्ध्यांनाच, त्यामुळे कुजबुज अशी की चमच्यांचाही आवाज येईना. मेट्रनबाई उभ्या राहिल्या. आयुष्यात त्यांनी कोणाची माफी मागितली असेल असं वाटत नव्हतं. सरावाच्या अभावी आवाज बारीक निघाला.

"आज सकाळी मी यांना चोर म्हटलं. त्या चोर नाहीत. तुमच्या ताटात तेलाचं दूध येऊ नये म्हणून झटणाऱ्या त्या बाई आहेत. मी चुकले. मी त्यांची माफी मागते."

वहिनी ओट्यामागे उभी होती, शेजारी तिखटबाई.

"मागच्या टेबलांना ऐकू आलं नाही, बाई," वहिनी म्हणाली.

मेट्रनबाईंनी तिच्याकडे बघितलं. क्षणभर आत्याला वाटलं, आता काही खरं नाही. पण मेट्रनबाईंनी खांदे सरळ केले, दीर्घ श्वास घेतला, आणि रात्रपाळीच्या मुलींना लांबच्या वॉर्डातून हाक मारायच्या त्या आवाजात, भिंती दणाणतील अशा, म्हणाल्या, "मी चुकले! ही बाई चोर नाही! मी हिची माफी मागते!"

मग जो गजर झाला तो काय विचारता! ताटं वाजली, वाट्या वाजल्या, मुली बाकांवर चढल्या. व्यवस्थापक शिस्त विसरून टेबल बडवायला लागले. तिखटबाई मोठा डाव घेऊन पातेलं असं ठोकत होती की त्याला पोचे पडले. आत्या रडत होती आणि ते लपवायचा प्रयत्नही करत नव्हती.

आणि अगदी शेवटच्या टेबलावरून, त्या सगळ्या गोंगाटाच्या वरताण, एक मुलगी हात उंच करून ओरडली, "वहिनी! आलं ऐकू!"